भिमाजीच्या विहिरीचा तळ

विष्णुपंत मुळ्यांना शेवगाव आवडत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी शेवगावापासून कधी लपवली नाही. हायस्कुलात शास्त्र शिकवायला येऊन त्यांना दहा-अकरा वर्षं झाली होती, पण बोलताना ते अजून 'तुमच्या या गावात' असंच म्हणत. मुलांना ते ढेकळं म्हणत, बरोबरच्या मास्तरांना पाट्या टाकणारे म्हणत, आणि शेतकऱ्यांना काहीच म्हणत नसत, कारण शेतकऱ्यांशी ते बोलतच नसत. रस्त्यात कुणी रामराम घातला तर हनुवटी जेमतेम हलवायची, एवढाच त्यांचा शिष्टाचार. बी.एस्सी.ला त्यांना दुसरा वर्ग मिळाला होता. पहिला का हुकला, याची कथा ते दर वर्षी नव्या तुकडीला सांगत आणि दर वर्षी तिच्यात परीक्षकाचा दोष थोडा वाढत असे.

असा हा गृहस्थ समुद्राच्या तळाच्या नादी लागला. समुद्र त्यांनी जन्मात एकदाच पाहिला होता, मावसभावाच्या लग्नाला मुंबईला गेले तेव्हा. तोही लांबून, धोतराला वाळू लागेल म्हणून. पण महायुद्ध संपलं आणि इतके दिवस झाकून ठेवलेल्या गोष्टी मासिकांतून छापून येऊ लागल्या. पाणबुडी हुडकायला जहाजं पाण्यात आवाज सोडतात आणि तो कशावर आपटून परत येतो ते ऐकतात, असं विष्णुपंतांनी वाचलं. यात तळ फार लुडबुड करतो. तळ खडकाळ असला की आवाज असा ठणठणीत परत येतो, की खडकालाच पाणबुडी समजून लोक त्याच्यावर बॉम्ब टाकून मोकळे होतात. तळाशी चिखल असला की तो आवाज गिळून बसतो. तेव्हा समुद्रात नीट ऐकायचं तर खाली खडक आहे की चिखल, हे आधी आवाजावरून ओळखता आलं पाहिजे. विष्णुपंतांना हे झटकन कळलं. त्यांचं कौतुक करण्यासारखं या गोष्टीत एवढंच आहे, ते इथे करून घेतो.

शेवगावात समुद्र नव्हता, म्हणून त्यांनी विहिरी धरल्या. एका लांब लोखंडी नळीच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बांधलं आणि दुसऱ्या तोंडाला डॉक्टर छाती तपासताना कानात घालतात तसल्या नळ्या जोडल्या. रबराचं तोंड पाण्यात सोडायचं, एक पितळी घंटा दोराने बुडवायची, तिचा लोलक दोरीने हलवायचा आणि ऐकत राहायचं. देवळामागच्या विहिरीचा तळ म्हणजे निखळ काळा पाषाण. तिथे घंटेचा नाद बराच वेळ घुमत राही. भिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीत वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला. तिथे तोच नाद पोत्यावर काठी मारावी तसा जागीच मरे. कितीही वेळा ऐकलं तरी तेच.

मुंबईचे प्रोफेसर सबनीस समुद्रातल्या आवाजावर काम करायला माणसं जमवत होते. विष्णुपंतांनी त्यांना पत्र घातलं. एक जागा आहे, नगरला यायचंच आहे, तेव्हा रविवारी येऊन स्वतः ऐकतो, असं सबनीसांनी कळवलं. त्याच दिवसापासून विष्णुपंत मनाने मुंबईत राहायला गेले. पुढच्या वर्षी दुसरा मास्तर बघा, असं त्यांनी हेडमास्तरांना ऐकवलं. पत्नी दमयंतीबाईंना म्हणाले, यंदा पापड घालू नकोस, मुंबईत विकत मिळतात.

भिमाजीला सांगणं भाग होतं. मळ्यात कशाला उतरा, म्हणून विष्णुपंतांनी बांधावरूनच आवाज दिला. रविवारी मोठे साहेब तुझ्या विहिरीचा तळ बघायला येणार आहेत, विहिरीपाशी घाण दिसता कामा नये. भिमाजीनं विचारलं, "तळाचं काय बघत्यात, मास्तर?"

"ते तुला सांगून काय उपयोग?" असं म्हणून विष्णुपंत वळले.

भिमाजीच्या घरात मग एकच चर्चा. मोठा साहेब तळ बघायला येणार आणि तळाशी हा एवढा गाळ! त्याची बायको गोजरबाई, पाहुणा यायचा म्हटलं की गोठासुद्धा सारवून काढणारी. तिला हे सोसवेना. भिमाजीनं आपल्या बैलांच्या जोडीला भावकीतले बैल मागून आणले, मोटा लावून विहीर उपसली, माणसं खाली उतरवली आणि पाट्या भरभरून सगळा गाळ वर काढून मळ्यात पसरला. खडक लागेपर्यंत थांबले नाहीत. झरे जिवंत होते, रविवारपर्यंत विहीर पुन्हा होती तेवढी भरली. त्या आठवड्यात विष्णुपंत तिकडे फिरकले नाहीत. ते कोटाला नवी बटणं लावून घेत होते.

रविवारी सबनीस मोटारीने आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. देवळामागच्या विहिरीवर त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि "छान" म्हणाले. मग सगळे मळ्यात गेले. वाटेत विष्णुपंतांच्या बुटाला काळा ओला गाळ चिकटला. तो कुठून आला हे न विचारता त्यांनी तो दगडावर घासून काढला आणि गावच्या घाणीबद्दल साहेबांना इंग्रजीत काहीतरी ऐकवलं. विहिरीच्या काठाशी सडा-रांगोळी होती. तिच्यावर पाय देऊन त्यांनी नळी पाण्यात सोडली.

घंटा वाजली आणि घुमतच राहिली. सबनीसांनी भुवई उचलून नळ्या विष्णुपंतांच्या हाती दिल्या. विष्णुपंतांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रबर तपासलं, दोर तपासले, पुन्हा घंटा वाजवली. तेच.

"खाली गाळ आहे हे नक्की ना?" सबनीसांनी विचारलं.

विष्णुपंत म्हणाले, नक्की म्हणजे काय, मी स्वतः किती वेळा ऐकलंय. सबनीसांनी आणखी एकदा नळ्या कानात घातल्या. तेवढ्यात भिमाजी पुढे आला. "मास्तर, गाळाचं म्हन्ता व्हय? त्यो तर आमी—"

"तू गप्प राहा. हे तुझं काम नाही."

कानात नळ्या असल्यामुळे सबनीसांना शब्द ऐकू आले नाहीत, नुसते ओठ हललेले दिसले. त्यांनी एक नळी काढून विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही," विष्णुपंत म्हणाले. "बक्षिशी मागतोय."

सबनीसांचा हात खिशाकडे गेला. चार माणसांना वर्षभर जेवू घालेल एवढी जमीन बाळगणारा भिमाजी त्या हाताकडे क्षणभर बघत राहिला, मग आपल्या बैलांकडे निघून गेला. सबनीसांनी नळ्या काढून ठेवल्या. "मुळे, आपल्याला जे ऐकायचं असतं तेच कधीकधी ऐकू येतं," ते म्हणाले. "माझंही असं झालंय." ते बोलणं मायेचं होतं, पण जागा गेली, हे सांगायला ते पुरेसं होतं. नमस्कार करून ते मोटारीत बसले.

मोटार मळ्याखालच्या ओढ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. इंजिन तापलं असावं. ड्रायव्हर डब्याने पाणी ओतू लागला. इकडे गोजरबाई दुधाचा तांब्या आणि पेला घेऊन आली. "गेलं व्हय सायेब? दूध तरी घ्याचं हुतं. कसा वाटला त्यास्नी तळ? समदा गाळ काडलाय, पार फत्तर लागंस्तवर."

"कुणी सांगितलं होतं काढायला?"

"आता! तुमीच तर म्हनला, सायेब तळ बघाया येनार."

विष्णुपंत मूर्ख नव्हते, हेच तर त्यांच्याबद्दल वाईट आहे. त्यांना सगळं तिथल्या तिथे उमगलं. नळी दोन्ही वेळा खरं बोलली होती. गाळ होता तेव्हा आवाज मेला, गाळ गेला तेव्हा घुमला. याहून चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता. ओढा हाकेच्या अंतरावर होता. पण तिथे जाऊन, हा माणूस बक्षिशी मागत नव्हता, तुमच्याच प्रश्नाचं उत्तर देत होता आणि मी तुमच्याशी खोटं बोललो, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी बुटाकडे पाहिलं, कोटाची बटणं चाचपली. पाय काही उचलला नाही.

"मोटार हाय की अजून तितंच," गोजरबाई म्हणाली. "हाक मारू का?"

"नको."

"का वं?"

उत्तर बैलांपाशी बसलेल्या भिमाजीनं दिलं. "कशी मारू देत्याल? म्या बक्षिशी मागितली म्हनून सांगितलंया त्यांनी सायबाला."

ड्रायव्हरने डबा आत ठेवला. मोटार ओढा चढून नगरच्या रस्त्याला लागली. गोजरबाईनं मास्तरांकडे एकदा नीट पाहिलं, पेला तांब्यावर उपडा घातला आणि ती घराकडे गेली. मास्तरांना तिनं दूध घ्या म्हटलं नाही.