कानबाईच्या रोटात सुनेची मूठ

त्या वर्षी श्रावण लागला तरी माझे हात देवापुढे जोडले जात नव्हते. सप्ताहात आलेल्या महाराजांनी प्रेमावर प्रवचन केलं होतं. नवरा-बायकोचं प्रेम म्हणजे वासना, मुलाबाळांवरचं प्रेम म्हणजे मोह, घरादारावरचं प्रेम म्हणजे बेडी. चांगलं प्रेम एकच, देवावरचं. सगळ्या बायका माना डोलावत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या, कारण दोन महिन्यांपूर्वीच माझ्या नितीनने धुळ्याला रजिस्टर लग्न केलं होतं. मुलगी बौद्ध समाजाची, सरकारी दवाखान्यात नर्स. मी मंडपातून उठून घरी आले. देवावरच्या प्रेमाचा गवगवा करणाऱ्यांना देवाने घडवलेली एक पोर घरात नको असते, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

आमचं गाव पाचोऱ्याजवळचं. भाऊबंदांची घरं एका गल्लीत, भिंतीला भिंत लागून. लग्नाची बातमी आली त्या संध्याकाळी सगळे पुरुष आमच्या ओट्यावर जमले. माझे थोरले दीर, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणते, त्यांनी निकाल दिला की नितीनचं नाव घरात घ्यायचं नाही आणि यंदा कानबाईच्या रोटातही धरायचं नाही. आमचे हे खाली मान घालून बसले होते. मला राग आला तो आबांपेक्षा त्या खाली गेलेल्या मानेचा जास्त.

रोटात न धरणं म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही कानबाई देवी बसवतो आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतो. तिच्या नैवेद्याच्या पिठाला रोट म्हणतात. आमच्या भाऊबंदकीत त्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत पडतो आणि ज्यांची मूठ पडली त्यांनीच तो रोट खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, पौर्णिमेपर्यंत कणही उरवायचा नाही. लेक सासरी गेली की तिची मूठ तिथल्या रोटात पडते. एरवी मूठ कमी होते ती माणूस गेल्यावरच. म्हणजे आबांनी माझ्या धडधाकट पोराला जिवंतपणी मेलेल्यांत जमा केलं होतं, तेही देवीच्या नावाने.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून कानबाई आमच्याच घरी बसते. तिचा पाट मी सारवलेल्या जमिनीवर मांडते, तिला नथ मी घालते, तिच्या लग्नाची गाणी माझ्या आवाजात सुरू होतात. त्यामुळे तिच्याशी भांडायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. कोनाड्यात फडक्यात बांधून ठेवलेल्या, देवी म्हणून पुजायच्या तिच्या नारळासमोर मी उभी राहिले आणि स्पष्ट विचारलं, बाई, तुझं लग्न आम्ही दरसाल वाजतगाजत लावतो आणि माझ्या पोराच्या लग्नाचं तुला वावडं आहे का? असेल तर तसं दाखव, मी तुझा पाट दुसऱ्या घरी पाठवते. नसेल तर तू काय ते बघ. माझ्याच्याने आता विनवण्या होणार नाहीत.

त्या दिवसांत मी प्रेमाचा फार विचार केला. पोथी वाचून नव्हे, भाकरी थापता थापता. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात प्रेम हा शब्द तोंडातून काढला नाही, पण मी तापाने पडले की शेतातून दुपारीच घरी येतात आणि काही न बोलता चूल पेटवतात. गाय वासराला चाटते ते प्रेमच, आणि दुसरं वासरू जवळ आलं तर तीच गाय शिंग मारते. आबांचंही घरावर प्रेम होतं, खोटं का बोलू? नितीनला टायफॉइड झाला तेव्हा बैलगाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले तेच होते. आता त्याच मायेपोटी ते दाराला कडी लावत होते. तेव्हा प्रेम म्हटलं की ते पुण्यच असतं, असं मी तरी म्हणणार नाही. प्रेमाच्या नावाखाली माणसं वाटेल ते करतात. पण म्हणून ते पाप आहे, मोह आहे, असं मांडवात बसून सांगणाऱ्याचंही मी ऐकणार नाही.

गहू मोजायच्या दिवशी सगळी भाऊबंदकी आमच्या अंगणात जमली. आबांनी हातपाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि पाटावर बसले. थोरल्या घरापासून नावं सुरू झाली. नाव घ्यायचं, मूठ भरायची, वर चिमूट घालून सव्वा करायची, टोपलीत सोडायची. आमच्या घराची पाळी आली. ह्यांचं नाव झालं, मूठ पडली. माझं झालं. आणि आबांनी पुन्हा सुपात हात घातला, दरसालच्या त्याच ठेक्यात म्हणाले, “नितीन,” आणि मूठ टोपलीत सोडली.

आबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. गहू गव्हात मिसळून गेला होता. माझी मधली जाऊ पुढे सरकून म्हणाली, “काढी टाका ना ती मूठ, आबा. चुकीसन पडनी.”

आबांचा हात टोपलीकडे गेला आणि मधेच थांबला. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मग ते तिच्यावरच खेकसले, “जित्ता माणूसनी मूठ कोनी काढस का? पडनी ती पडनी.”

ही कानबाईची करणी की पंचवीस वर्षांची सवय, हे मला विचारू नका. मी एवढंच सांगते की ओट्यावर तोंडाने जे नाकारलं होतं ते पाटावर हाताने दिलं. माझे डोळे भरले, आणि रडत बसायची ही वेळ नाही हेही कळलं. मी उठले, पदर खोचला, आबांच्या समोरच्या सुपात हात घातला, सगळ्यांना ऐकू जाईल असं “सुजाता” म्हटलं आणि माझ्या सुनेची सव्वा मूठ टोपलीत टाकली.

एकच गलका झाला. बाईमाणसाने रोट मोजला म्हणून कोणी, सुजाताचं नाव घेतलं म्हणून कोणी, जो तो माझ्यावर तुटून पडला. आबा तेवढे शांत राहिले. म्हणाले, “ती उनी नही, तर तिना वाटा कोन खाई? रोट उरना तर तुन्हा माथावर.”

मी म्हटलं, “ती येई, आबा. तुम्ही तुमना वाटा खावाले या म्हणजे झाये.”

एवढं छातीठोकपणे बोलले खरी, पण सुजाताला तर मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने एकटीच धुळ्याला गेले. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती. सगळं ऐकल्यावर ती खुश होईल असं मला वाटलं होतं. ती तर भडकलीच. म्हणाली, “आई, माझं नाव मला न विचारता टाकलंत. मी देवीला मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उद्या मी आले नाही तर दोष माझ्यावर येईल.” नितीन मधे बोलायला गेला तर तिने त्यालाही गप्प केलं. तिचं खरंच होतं. मी म्हटलं, “बाई, तू नाही आलीस तरी ती मूठ तुझीच. मी एकटीने दोघींचं खाईन, पण काढणार नाही.” चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, “येईन. देवीसाठी नाही, तुमच्यासाठी. हात जोडणार नाही. आणि जेवायला मला वेगळं बसवायचं नाही.”

रविवारी दोघं आली. रोटाच्या पिठाच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं तयार होतं. नैवेद्य दाखवताना सगळ्यांनी हात जोडले, सुजाता बाजूला ताठ उभी राहिली. मधल्या जावेने नाक मुरडलं. मी मोठ्याने म्हटलं, “तिच्या वाटचे हात मी जोडते, तुम्ही तुमचं बघा.” पंगतीत मी तिला माझ्या मांडीला मांडी लावून बसवलं. दोघी-तिघी उठायला निघाल्या, पण उठून जाणार कुठे? मूठ पडली होती त्यांचीही, आणि रोट उरवण्याची हिंमत कोणात नव्हती. त्यांच्याच नियमाने त्यांना जागेवर बसवलं, याचं मला हसू येत होतं.

सगळ्यांत शेवटी आबा आले. पंगतीच्या टोकाला बसले, आमच्याकडे न बघता जेवू लागले. पोळी मोडता मोडता त्यांनी मान वर केली, सुजाताच्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “वाटा बठ्ठा खाय, माय. उरू देऊ नको.”

या घरात नव्याने आलेल्या प्रत्येक सुनेला तिच्या पहिल्या रोटाला थोरला माणूस हेच सांगतो, सगळा वाटा खा. मलाही माझ्या सासऱ्यांनी हेच सांगितलं होतं. सुजाताला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती सरळपणे “हो आबा” म्हणाली आणि जेवत राहिली. माझा मात्र बांध फुटला. ताटावर बसून मी लहान पोरीसारखी रडले आणि कोणाला काय वाटेल याची पर्वा केली नाही.

आबा रोट उरेल या धास्तीने बोलले की मायेने, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते पुढेही आमच्याशी मोजकंच बोलत राहिले. पण देवीने मला जे द्यायचं ते दिलं, आणि त्यासाठी मी जन्मभर तिची ऋणी आहे. महाराज सांगतात तशी शरणागतीही मला त्या श्रावणातच कळली. माझी भीती, माझा राग, उद्या काय होईल याचा घोर, सगळं मी तिच्या पाटाखाली ठेवलं. मुलगा आणि सून मात्र ठेवली नाहीत. ती दोघं तिने मागितलीच नव्हती. मागत होती ती माणसं. मी कानबाईला शरण गेले. भाऊबंदकीला नाही.