बोर्डावरचा कागद

दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही. खाडीच्या तोंडाशी आम्ही पिंडापासून थोडं मागे सरून उभे होतो. कावळे होते, सुरूच्या झाडांवर बसून खाली बघत होते, पण एकही उतरत नव्हता.

"मनात काहीतरी राह्यलंय त्याच्या," मागून कोणीतरी म्हणालं.

मग दादा पुढे झाला. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. काका जाऊन बरीच वर्षं झाली. दादा पनवेलला असतो, जागांचे व्यवहार करतो. मी एकुलती एक मुलगी, म्हणून बाबांना अग्नी त्यानेच दिला. ॲम्ब्युलन्स, लाकडं, भटजी, सगळं त्याने बघितलं. निधनाचे कागदही त्यानेच मुरुडला छापून घेतले, रंगीत फोटोचे, आणि पंचायतीच्या बोर्डावर स्वतः खळ लावून चिकटवले. एवढा मोठा कागद आमच्या गावात आजवर कोणाचा लागला नव्हता. त्या दिवशी मला त्याचे पाय धरावेसे वाटले होते.

दादाने हात जोडले. "काका, काकीची काळजी करू नका. मी आहे."

थोड्या वेळाने एक कावळा उतरला. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

घरी परतलो तर वाडीतल्या माडांवर आकडे होते. लाल रंगाचे, माणसाच्या छातीच्या उंचीवर, ओळीने. रंग अजून ओला होता. एका आकड्याचा ओघळ खोडावरून मुळापर्यंत गेला होता.

आई मागच्या खोलीत बसून होती. बाबांच्या पश्चात तेराव्यापर्यंत तिने उंबरा ओलांडायचा नव्हता. "मला काय आवाज आला न्हाय बाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "कुत्रा पण भुंकला न्हाय. वळखीचं कोनतरी असंल."

"वीजवाले असतील," दादा चप्पल काढता काढता म्हणाला. "तारांवर येणाऱ्या झावळ्या तोडायच्या आधी नंबर टाकतात."

आमच्या वाडीवरून विजेची तार जात नाही. ती रस्त्याने येते आणि पडवीच्या कोपऱ्यावर संपते. हे दादाला माहीत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा माडावर चढत, नारळ-सुपारी उतरवत, आणि मी एसटीने कॉलेजला जात असे. आता पेणला शाळेत शिकवते. गावात कोणाला दाखला हवा असला, कोणाचं रेशनकार्ड अडलं, की मला फोन येतो. आपल्या शिक्षणाचा गावाला उपयोग होतो याचं मला मनापासून समाधान होतं. आमच्या स्वतःच्या वाडीचा उतारा मात्र मी कधी काढून बघितला नव्हता. बघायचं काय त्यात? वाडी होती, घर होतं, आम्ही त्यात राहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरुडला सेतू केंद्रात जायला निघाले. शेजारच्या काकी अंगण झाडत होत्या.

"सुतकात कुठं गं चाललीस? शिकलेल्यांना इटाळ न्हाय लागत वाटतं?"

"लगेच येते काकी."

"जा बाय, जा. आमी काय बोलनार."

सेतू केंद्रातल्या मुलाने सर्व्हर चालू होण्याची वाट बघत मला चहा पाजला. उतारा आला तसा तो वाचायला लागला आणि वाचता वाचता हळू झाला.

"ताई, यात तुमच्या बाबांचं नाव नाही."

नाव थोरल्या काकांचं होतं, आणि त्याखाली वारस म्हणून फक्त दादाचं. आजोबा गेले तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे थोरल्या मुलाचं नाव लावलं गेलं होतं. धाकट्याचं नाव वेगळं लावायचं म्हणजे भावाभावांत वाटण्या मागितल्यासारखं; चांगल्या घरात तसं करत नसत. बाबा हसून सांगायचे, "नाव त्याचं, माड माझे."

"जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर नावाआधी ए.कु.मॅ. असायचं," तो मुलगा म्हणाला. "एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. संगणकात चढवताना खूप ठिकाणी ती अक्षरं गळली." मग त्याने पडद्यावर खाली बोट ठेवलं. "आणि हे बघा. खरेदीखत झालंय. फेरफार प्रलंबित, म्हणजे घेणाऱ्याचं नाव चढायचं बाकी आहे. नोटीस निघाल्यापासून पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, की नोंद मंजूर."

"आम्हाला नोटीस आली नाही."

"तुमचं नावच नाही ना ताई. तुम्हाला कशी येणार? गावात बोर्डावर लावली असेल."

बाबा अलिबागच्या हॉस्पिटलात होते तेव्हाचं ते खरेदीखत होतं. त्या दिवसांत दादा दर दोन दिवसांनी फोन करून बाबांची तब्येत विचारायचा.

गावात परतले तर तलाठ्यांच्या ऑफिसला कुलूप. त्यांच्याकडे आणखी दोन गावं आहेत, आमच्याकडे ठराविक वारीच येतात. फोन उचलला गेला नाही. कोतवाल समोरच्या टपरीवर बसला होता. लहानपणापासून मला ओळखतो.

"भाऊ, आमच्या वाडीची फेरफाराची नोटीस निघाली का?"

"निघाली की. मीच लावली बोर्डावर."

"बोर्डावर कुठे?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बाबांच्या खाली."

पंचायतीच्या बोर्डाजवळून मी त्या दिवसांत कितीदा तरी गेले होते आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून गेले होते. आता टपरीवरूनच वर बघितलं. बाबा फोटोत हसत होते. लग्नातला पांढरा सदरा, गळ्यात उपरणं. कागदाने जवळजवळ अर्धा बोर्ड व्यापला होता.

आमच्याकडे निधनाचा कागद कोणी हाताने काढत नाही. गेलेल्या माणसाला आपण घालवलं असं होतं म्हणतात. तो आपोआप गळायचा असतो, उन्हाने, वाऱ्याने, नाहीतर पावसाने. हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. पनवेलला राहणाऱ्यालाही माहीत असणारच. आणि पाऊस तर नुकताच संपला होता.

"काढता का जरा?" मी कोतवालाला विचारलं.

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं, ताई. मुदत संपली की तलाठीसाहेबांना इचार."

"मुदत संपल्यावर विचारून काय करू?"

"व्हय, ते बी खरं हाय," तो म्हणाला, आणि उठून गेला.

नुसती वाडी विकली होती की घरासकट, मुदत कोणत्या दिवशी संपत होती, ते त्या कागदाखाली होतं. मी बोर्डापाशी जाऊन हात वर नेला. कोपरा थोडा सुटलेला होता. तो धरून ओढणं माझ्याने झालं नाही. तशीच घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं.

आई उठली. पाण्याचा तांब्या भरला, डोक्यावरून पदर घेतला आणि उंबरा ओलांडून निघाली. मी मागोमाग. वाटेतल्या पडव्यांमधलं बोलणं आम्ही जवळ येताच थांबत गेलं. कोणी "कुठं?" असंही विचारलं नाही.

बोर्डापाशी तिने ओंजळीने पाणी घेऊन कागदाच्या कडा भिजवल्या, मग मध्ये. बाबांचा चेहरा भिजला. लहान मुलाचं तोंड पुसावं तसा तिने त्यावरून तळवा फिरवला.

"आयुष्यात कोनाच्या आड आला न्हाय," ती म्हणाली. "आता कशाला येईल."

कागद सबंध निघाला. खाली नोटीस होती. शाई फुटली होती, पण वाचता येत होतं. गट नंबर. खरेदी घेणारी नवी मुंबईची कुठलीशी कंपनी. क्षेत्रापुढे दोन शब्द: घरासह. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

संध्याकाळी ओटीवर बसून मी हरकतीचा अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय. आठवीत मराठीच्या बाईंनी शिकवलेला तोच साचा. त्या बाईंची त्या दिवशी फार आठवण आली. सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला गेले. मंडळ अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज घेतला गेला, पोचीवर शिक्का पडला. "आता सुनावणी लागेल. जुना उतारा आणा," एवढंच सांगितलं.

तो मिळतो तहसीलच्या अभिलेख कक्षात. जिन्याखालची खोली, लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, वाळवीच्या औषधाचा वास. मी गावाचं नाव सांगितलं तसं तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"कमाल आहे. याच गावाचे गठ्ठे मागच्या आठवड्यातपण मागितले होते."

"कोणी?"

"येतात माणसं. अर्ज करून जा. सापडला तर कळवू."

"सापडला तर?"

"जुने कागद आहेत हो. सांगता येत नाही."

अर्ज करून आले.

तेराव्याला दादा आला. सोबत पेढ्यांचा खोका आणि आईला साडी. विधी नीट झाले, भटजी त्याचं कौतुक करून गेले. पहिल्या पंगतीत तो मधोमध बसला. आई स्वतः वाढत होती. वडे, भोपळ्याची भाजी, खीर.

"काकी," खिरीची वाटी उचलत त्याने विचारलं, "काकांचा कागद कोणी काढला?"

पंगतीतल्या माना वर झाल्या.

"मी," आई म्हणाली.

"असं होय." तो खीर प्यायला. "बरं केलंत. उन्हाने खराब झाला असता." मग माझ्याकडे बघून हसला. "तू पण दमलीस ना धावपळ करून? फार धावू नकोस. शाळा आहे तुझी."

"अजून वाढू?" आईने विचारलं.

"थोडी."

जेवून तो विहिरीवर हात धुवायला गेला. गाडीकडे परतताना वाडीतून गेला, सावकाश, एकेका माडाकडे बघत. फाटकापाशी थांबला आणि मागे वळून, जाताना निरोप सांगावा इतक्या सहज म्हणाला,

"काकी, विहिरीजवळचा एक राहिलाय वाटतं."

गाडी गेल्यावर मी जाऊन बघितलं. खरंच राहिला होता, खोडावर आकडा नव्हता.

सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. अभिलेख कक्षातूनही काही कळवलेलं नाही. मी दर शनिवारी गावी येते. बाबांचा कागद आईने वाळवून, सपाट करून गादीखाली ठेवलाय. रोज उजाडलं की ती आधी विहिरीजवळच्या त्या माडापाशी जाते, खोडाला भोवताली फिरून बघते, आणि मगच चूल पेटवते.