भरावातला शोषखड्डा

जयसिंगने एकतीस वर्षे मैलकुली म्हणून रस्त्याची चाकरी केली. चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याची गटारे उपसणे, साइडपट्टी भरणे आणि पावसाचे पाणी डांबराखाली शिरू न देणे, एवढीच त्याची विद्या. ती कोणत्याही पदविकेला शिकवत नाहीत. म्हणूनच बहुधा ती कोणाला नको होती.

तो निवृत्त झाला आणि रस्ता रुंद झाला, शिवाय ‘हरित’ही. नव्या धोरणानुसार दर शंभर मीटरला एक शोषखड्डा, म्हणजे पावसाचे पाणी वाया न जाता जमिनीत मुरावे. हेतू निर्दोष होता. पण ओढ्यापाशी हा रस्ता दोन पुरुष उंच मातीच्या भरावावरून जातो, आणि तिथेही फीत लावून शंभर मीटर मोजले गेले. जमिनीत मुरायचे पाणी भरावाच्या पोटात मुरू लागले.

श्रावणात जयसिंगला भरावावरच्या डांबरावर केसाएवढी भेग दिसली. जुन्या रीतीप्रमाणे त्याने तिच्यावर चुन्याची आडवी पट्टी ओढली. तिसऱ्या दिवशी ती दुभंगली. नवी ओढली, ती दुसऱ्याच दिवशी. त्याची सून मिनल रोज त्याच भरावावरून कंपनीच्या बसने पहिल्या शिफ्टला जात असे.

तो अर्ज घेऊन शाखा अभियंता अजिंक्यकडे गेला.

“सायेब, भरावातला तेवढा खड्डा बुजवा. रस्ता बसतोय.”

“बाबा, मोजणीत एक खड्डा कमी पडला तर हरित रस्त्याचा दाखला जाईल. जन्मभर खड्डेच बुजवलेत, आता तरी विसावा घ्या!”

कचेरी हसली. अर्जाची पोच मात्र तत्परतेने मिळाली.

दुसऱ्या सकाळी संततधार होती. भरावाच्या उतारातून पाणी पाझरत होते, गढूळ. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेव, गढूळ असेल तर आतली माती वाहतेय, पळ, असे त्याला पहिल्या मुकादमाने बजावले होते. तो पळाला नाही. भरावाच्या तोंडाशी रस्त्यात आडवा उभा राहिला. बस थांबली.

“आबा, लोक हसतायत ओ. सरका की बाजूला,” मिनल दारातून म्हणाली.

“आदी खाली उतर. समदीच उतरा. रस्ता धड न्हाई.”

“पंचिंग चुकलं तर अर्ध्या दिवसाचा पगार तुम्ही भरणार का, आजोबा?” ड्रायव्हर ओरडला.

सासऱ्याचा चेहरा पाहून मिनल उतरली. एकटीच. ड्रायव्हरने जयसिंगला वळसा घालून बस पुढे काढली. ती भरावाच्या मध्यावर डाव्या अंगाला कलली, सावरली आणि पलीकडे पोहोचली. खिडक्यांतून टाळ्या वाजल्या.

“गेली की ओ, आबा!”

जयसिंगच्या तळव्यांखाली रस्ता अजून हलत होता. त्याने तिचे मनगट धरून तिला मागे खेचले आणि दुसरा हात उंच केला. वळणावरून मालाने भरलेला कंटेनर येत होता, आणि त्याचा वेग कमी होत नव्हता.