नानांची गाडी आत जाईल असं टेबल

समजा, तुम्हाला जेवणाचं टेबल करायचंय. समोर लाकडाच्या फळ्या आहेत. त्यातली एक तुम्ही उचलता, टोकाला डोळा लावून बंदूक रोखल्यासारखं बघता. फळी सरळ आहे. तुम्ही खूश होऊन रंधा मारता, चहा पिऊन येता आणि पुन्हा डोळा लावता. आता तीच फळी रुसलेल्या जावयासारखी एक खांदा वर करून बसलेली असते. तुम्हाला वाटतं, आपलंच काही चुकलं. तसं काही नसतं. लाकूड निलगिरीचं असतं, एवढंच.

निलगिरीचं टेबल सहसा कुणी करत नाही. झाड भराभर उंच जातं, वाढताना अंगात पीळ भरून घेतं आणि कापलं की तो पीळ सावकाश, आपल्या सोयीने सोडत राहतं. वखारवाल्याने हे एका ओळीत सांगून टाकलं होतं, की निलगिरी एक तर खांबाला, नाहीतर बंबाला. ज्यांना सांगितलं त्यांनी शांतपणे मान डोलावली आणि फळ्या किती जाडीच्या हव्यात ते मिलिमीटरमध्ये सांगितलं.

ते आमच्या कॅलिब्रेशन लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. दुकानांचे, कारखान्यांचे, दवाखान्यांचे वजनकाटे खरं बोलतात की नाही, हे तपासायचं आमचं काम. लॅबमध्ये त्यांना सगळे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणतात, कारण 'जवळपास' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. घरी वहिनींनी भाजीत जरा मीठ घाला म्हटलं, तर ते चमचा हातात धरून 'जरा म्हणजे किती' विचारतात. वहिनी तोवर स्वतः घालून मोकळ्या होतात.

निलगिरीचं ते झाड लॅबच्या आवारातलं, वजनखोलीच्या भिंतीला खेटून उभं होतं. वारा सुटला की झाड डोलायचं, मुळं जमीन हलवायची आणि आतला सगळ्यात नाजूक काटा शून्यावर ठरायचा नाही. हे मायक्रॉननीच शोधून काढलं आणि झाड पडलं. खोड वखारीत निघालं तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांना घरी टेबल हवंच होतं.

टेबल हवं होतं ते नानांसाठी. नाना म्हणजे मायक्रॉनचे वडील. उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. पट्टी न लावता अशी सरळ रेघ ओढायचे की बघणारे थांबून बघायचे. गुडघे गेल्यापासून ते चाकाच्या खुर्चीवर आहेत. तिला ते गाडी म्हणतात. खुर्ची आली त्याच सुमारास त्यांनी सगळ्यांबरोबर जेवणं सोडलं. ताट त्यांच्या खोलीत जायचं आणि दार अर्धं लोटलेलं असायचं. कारण विचारलं तर म्हणायचे, "माझी गाडी तुमच्या टेबलाखाली जात नाही."

हे खरं होतं. जुन्या टेबलाच्या फळीखालच्या आडव्या पट्टीला खुर्चीचे हात अडकायचे. मायक्रॉननी खुर्ची सगळ्या बाजूंनी मोजली आणि तेवढी मोकळी जागा असलेलं टेबल आपल्या हातांनी करायचं ठरवलं. त्यांच्या मनात एकच होतं, नानांनी पुन्हा चारचौघांत बसून जेवावं. हातात या आधी रंधा कधी धरला नव्हता, पण हौसेला मोल नसतं.

निलगिरीने त्यांची परीक्षा घेतली. खिळे वाकले, पटाशीची धार गेली, एका दिशेने गुळगुळीत होणारी फळी दुसऱ्या दिशेने खरवडून निघाली. लॅबमधले येता-जाता फळ्यांचा वास घेऊन सर्दी गेली का बघायचे. वास पानांना असतो, लाकडाला नाही, हे मायक्रॉन प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगायचे.

आणि मग त्यांनी अशी एक चूक केली, जी कुठल्याही सुताराला सुचली नसती. लाकूड हवेतल्या ओलीने हलतं, हे त्यांनी वाचलं होतं. ओल कायम एकसारखी असणारी जागा त्यांना ठाऊक होती. ती म्हणजे आमची प्रमाण खोली, जिथे हवा बारा महिने यंत्राने एकाच मापावर धरून ठेवतात. साहेबांची परवानगी काढून त्यांनी फळ्या तिथे सुकायला रचल्या. पुढे टेबलही तिथेच जोडलं. ग्रॅनाइटच्या सपाट शिळेवर उभं करून पायांखाली पातळ पत्रा सरकवून पाहिला. कुठल्याच पायाखाली शिरला नाही. आमच्या काट्यांपैकी निम्म्यांना तरी असं सरळ उभं राहता येत नाही.

हे टेबल फक्त आमच्या प्रमाण खोलीतच जेवणाऱ्या माणसांसाठी झालं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी टेबल आलं. दोन हमाल दमले, इतकं जड. नानांची गाडी सरळ आत गेली, दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. नानांनी फळीवरून हात फिरवला, बरं झालंय म्हणाले, गाडी मागे घेतली आणि आपल्या खोलीत जाऊन जेवले.

मायक्रॉननी खुर्ची पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, सवय मोडली रे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तिकडे पंख्याचा वारा लागतो. मायक्रॉननी पंखा सरकवला. पालथ्या घड्यावर पाणी. नवीन टेबलाशी तिघं जेवायची, मायक्रॉन, वहिनी आणि त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी. चौथी बाजू मोकळी.

दमट महिने आले आणि निलगिरीला आपलं मूळ आठवलं. स्वयंपाकघरातली वाफ, वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या, हे सगळं फळ्यांनी मनसोक्त पिऊन घेतलं आणि पीळ सोडला. एका सुट्टीच्या दुपारी मुलीने टेबलावर कोपर टेकलं. टेबल तिच्याकडे कललं आणि वहिनींचं पाणी मायक्रॉनच्या ताटात गेलं. ते सावरायला मायक्रॉननी आपली बाजू दाबली, तर रश्शाची वाटी मुलीच्या मांडीवर. मुलगी हसत सुटली, वहिनीही. मायक्रॉन मात्र वाकून टेबलाच्या पायांकडे बघत राहिले.

खोलीचं दार उघडलं. मुलाची फजिती जवळून बघायला नाना गाडी ढकलत बाहेर आले.

"काट्याचे डॉक्टर ना तुम्ही?" ते म्हणाले. "मग हे काय, नाचता येईना, अंगण वाकडं?"

"अंगण नाही नाना, लाकूड," मायक्रॉन म्हणाले. "ओलीने होतंय."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घालून आणलंस. सूनबाई, माझं ताट इकडेच आण. मला बघायचंय पुढे काय होतं ते."

ताट आलं. गाडी आत गेली. नानांनी चमचा उचलला आणि तो ओठापर्यंत जाताना अर्धा रस्सा टेबलावर सांडला. त्याच वेळी टेबल डुगडुगलं, सगळ्यांच्या वाट्या हिंदकळल्या. मुलगी घाईने म्हणाली, "आजोबा, सॉरी, माझं कोपर लागलं." फळीवर चौघांचा रस्सा एकत्र झाला होता. कुणाचा कुठला, हे आमच्या लॅबलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून नाना रोज टेबलावर जेवू लागले. मायक्रॉनना वाटलं, मापं शेवटी कामाला आली. आता एवढा डुगडुगीचा दोष काढला की झालं. पुढच्या सुट्टीला त्यांनी स्पिरिट लेव्हल आणली, लांब राहिलेले पाय पेन्सिलीने आखले आणि रंधा शोधू लागले. रंधा जागेवर नव्हता.

"मी ठेवलाय," वहिनी म्हणाल्या. "मिळणार नाही."

"अगं, टेबल हलतंय."

"हलू दे. अहो, इतके दिवस तुम्ही नानांची खुर्ची मोजलीत. त्यांचा चमचा कधी पाहिलात?"

मायक्रॉननी पेन्सिल खाली ठेवली. स्वतःचे हात थरथरायला लागले तेव्हा नानांनी दार लोटून घेतलं होतं आणि दोष गाडीवर ढकलला होता. ज्या हातांनी बिनपट्टीची रेघ ओढली, त्या हातांनी सांडताना कुणी बघू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मायक्रॉननी पायांवरच्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या. लॅबमध्ये आम्ही टेबल कसं आहे विचारलं, तर पहिल्यांदाच म्हणाले, ठीक आहे, जवळपास.

पण पुढे कोरडे महिने यायचे होते, आणि ते आमच्यातल्या कुणाहीपेक्षा मायक्रॉनना जास्त नीट माहीत होते. हवा कोरडी झाली की फळ्या ओल सोडणार, पीळ उतरणार आणि टेबल पुन्हा ग्रॅनाइटवर होतं तसं सरळ उभं राहणार, म्हणजे मग सांडणार ते एकट्या नानांचंच. आयुष्यभर वस्तू सरळ करणारा हा माणूस रोज घरी जाऊन लाकडाला ओल मोजायचा मापक टोचायचा आणि ओल उतरताना बघून काळजीत पडायचा. ओल टिकावी म्हणून पाण्याची बादली फळीखाली ठेवून बघितली. वहिनींनी ती उचलून फरशी पुसायला नेली.

ओल उतरून प्रमाण खोलीतल्या आकड्यावर आली. त्यांनी फळीवर तिरकी पट्टी ठेवून पाहिली. पीळ गेला होता. त्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी नानांकडे बघायचं टाळलं. नानांनी चमचा उचलला, मुलीने कोपर टेकलं आणि टेबल डुगडुगलं, पूर्वीसारखंच.

जेवण झाल्यावर मायक्रॉन टेबलाखाली शिरले. खिडकीकडच्या पायाखाली बुटाच्या खोक्याचा घडी घातलेला पुठ्ठा होता. डुगडुगणारं टेबल थांबवायला लोक पुठ्ठा घालतात, इथे थांबलेलं टेबल डुगडुगवायला घातला होता. बाहेर डोकावणाऱ्या कडेला कॅलिपर लावून त्यांनी जाडी तेवढी मोजली. पुठ्ठा काढून बघायचं मनात आलं, पण निलगिरी जड. एकाने कोपरा उचलून धरल्याशिवाय दुसऱ्याला पायाखाली काही घालताही येत नाही आणि काढताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, मला काय माहीत. मुलगी म्हणाली, कुठला पुठ्ठा? नाना म्हणाले, मी तर बाबा गाडीवर. तिघंही आपापल्या वाटीत बघत होती.

मायक्रॉन आता रोज जेवताना तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघतात. काल चहाच्या वेळी त्यांनी आम्हालाही विचारलं आणि अजून उत्तराची वाट बघतायत. एकट्याचं हे काम नाही, एवढं नक्की. मग टेबल उचललं कुणी आणि पुठ्ठा सरकवला कुणी?