औषधात न धरलेली गोळी

वर्षभर मी रोज सकाळी चहाआधी ॲसिडिटीची गोळी घ्यायची. त्याच वर्षी मेथी निवडतानाही मला रडू यायला लागलं, ऑफिसात फाईल उघडली की छातीत धडधडायचं. नवरा म्हणायचा, "तुहा स्वभावच तसा आहे."

शेवटी यवतमाळला मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "काहीच नाही." आमच्या घरी ॲसिडिटीच्या गोळीला औषध म्हणतं कोण? ती बडीशेपेच्या डब्यात असते. तीन भेटी मी हेच ठणकावून सांगितलं. चौथ्या वेळी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर पडली आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"काहींना हिच्यानं असं होतं. बंद करून पाहू."

महिन्याभरात रडणं थांबलं. जळजळ परत आली, ती परवडली.

काल नवऱ्यानं ओला टॉवेल पुन्हा गादीवर टाकला. मी चिडले, तर म्हणतो, "काहून वं, गोळी घेतली काय?"

टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. म्हटलं, "नाही घेतली. हा मात्र माहा स्वभाव आहे!"