भेगेतला चेंडू

फटका मारून आपण चेंडूमागे नजर लावून उभं राहावं, तोवर श्रावणजी खांद्यावरची पिशवी सावरत चालूही लागलेले असत. चेंडूपाशी पोचले की उकिडवे बसत, शेजारची माती अंगठ्याने दाबून पाहत आणि मगच कोणती काठी घ्यायची ते सांगत. चेंडू किती लांब गेला याचं त्यांना मुळीच कौतुक नव्हतं. “गेला तो गेला,” ते म्हणत, “आता कसा बसला हाय ते पाहा.”

अमरावतीच्या कडेला आमचं नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान होतं. हिरवळ फक्त खड्ड्यांभोवती, बाकी सगळी काळी माती. मी पाटबंधारे खात्यातला अधिकारी, मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. पण मैदानावर अगदी पुस्तकी मराठी बोलायचो. मी वऱ्हाडीच आहे हे श्रावणजींनी पहिल्याच दिवशी ओळखलं. चारचौघांत ते मला साहेब म्हणत आणि दोघेच असलो की भाऊ. ते नांदगाव खंडेश्वरकडचे माळी. मैदानामागेच थोडी जमीन करून वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढायचे आणि खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहायचे.

उन्हानं कडक झालेल्या जमिनीवर माझी काठी आपटून उडायची आणि चेंडू भलतीकडे जायचा. “तुमी आधी मातीले मारून राहिले भाऊ. पहिले चेंडूले लागलं पायजे, मंग मातीले.” उतारावर खांदेही उताराला धरून ठेवायला सांगत. “जमीन झुकली का आपणबी झुकावं, तिच्यासंग भांडून काई होत नाई.” बाभळीखाली अडकलो तर मुकाट्यानं मागे मारायला लावत, आणि मी हिरमुसलो की हसत. मला जो काही खेळ आला तो त्यांच्यामुळे. अडचणीतून चेंडू काढताना मी अजूनही तसाच उभा राहतो.

उन्हाळ्यात काळ्या मातीला मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आमच्याकडे एक रिवाज होता. चेंडू भेगेत गेला तर हातानं काढून बाजूला ठेवायचा, दंड नाही. गुराच्या खुराच्या खड्ड्यात गेला तर मात्र माफी नाही, तिथूनच मारायचा. वाद झाला की दोन्ही खेळाडू थांबत. श्रावणजी बसून पाहत आणि ‘भेग हाय’ किंवा ‘भेग नाई’ एवढंच म्हणत. मग पुन्हा कोणी विचारत नसे. त्यांची बायको नर्मदाबाई बाजारात अभिमानानं सांगायची, मोठमोठे साहेब आमच्या घरच्या माणसाले इचारतात म्हणून.

एका उन्हाळ्यात मैदानाच्या स्पर्धेचा अंतिम सामना माझा आणि एका डॉक्टरांचा होता. शेवटच्या खड्ड्याला बरोबरी, आणि माझा चेंडू खुराच्या खड्ड्यात बोटभर खोल रुतलेला. वीतभरावर भेग होती. डॉक्टर झुडपापलीकडे स्वतःचा चेंडू शोधत होते. मी बुटाच्या टोकानं माझा चेंडू भेगेत सरकवला. मान वर केली तर दहा पावलांवर श्रावणजी उभे.

डॉक्टर आले, त्यांनी नेहमीसारखं विचारलं. श्रावणजी बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, “चेंडू भेगेत हाय.”

डॉक्टरांना मातीत चेंडू घसरल्याची रेघ दिसली. साहेबानं असं केलं असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्या साहेबासाठी पिशवीवाल्यानंच सरकवला असणार, असं ठरलं. वाद ऐकून जमलेल्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.” अगदी शुद्ध मराठीत म्हणालो. श्रावणजींनी पिशवी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना मैदानाचं फाटक बंद झालं.

दोन महिन्यांनी ते मला बाजारात भेटले. तो चेंडू मी सरकवला, मला माफ करा, असं मी कसंबसं बोललो. सांबाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडत ते म्हणाले, “मले काहून सांगता भाऊ? मी तर तिथंच उभा होतो. ज्याईले माहीत नाई त्याईले सांगा.”

मला राग आला होता. माफी मागायला आलो तरी हा माणूस ताठच, असं वाटलं. मी कोणालाच सांगितलं नाही. पुढे डॉक्टर नागपूरला गेले आणि आता सांगून काय उपयोग, असं निमित्त मला मिळालं. असली निमित्तं मला नेहमीच पटकन सापडतात.

या हिवाळ्यात श्रावणजी गेले. तेरवीला मी त्यांच्या घरी गेलो. नर्मदाबाईंनी मला माणसांतून बाजूला बोलावलं.

“साहेब, तुमी त्या दिवशी त्याईच्या संग होते. मी इतकी वर्षं त्याईले इचारलं, त्याईनं कधी तोंड उघडलं नाई. खरंच त्याईनंच सरकवला होता का तो चेंडू?”

“नाई,” मी म्हणालो. “मीच सरकवला होता.”

मला वाटलं, त्या रडतील, मला हाकलून देतील. त्यांनी आत बायका बसल्या होत्या तिकडे पाहिलं. मग हळूच, मला नव्हे, स्वतःलाच म्हणाल्या, “मंग मी त्याईले जल्मभर उगाच बोलली.”