मडक्यातला धूर

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखन तर विचारूच नये. चौथीनंतर शाळा सुटली. हे माझ्यापुरतंच आहे, तरी आधी माफी मागते.

काल प्रचाराची रिक्षा गल्लीत आली. भोंग्यावर आमच्या शेजारच्या दत्ताभाऊंचा उद्धार चालला होता, बापजाद्यांपासून चोर म्हणून. दत्ताभाऊ निवडणुकीला उभे आहेत आणि त्यांचे वडील त्याच सकाळी वारले होते. दारात विस्तवाचं मडकं धुमसत होतं. ओट्यावरची पोरं उठली. "आज रिक्षाच पेटवू," एक म्हणाला. त्यांत माझा संजूही होता.

तेवढ्यात रिक्षावाल्याला धूर दिसला. त्याने भोंगा बंद केला.

"कोण गेलं, मावशी?"

मी परक्याशी बोलत नाही, पण बोलले. "ज्यांना शिव्या देतोस, त्यांचेच वडील."

"टेप पार्टीवाल्यांची आहे हो. मी नुसती फिरवतो." चपला काढून त्याने हात जोडले आणि इंजिन चालू न करताच तो रिक्षा ढकलायला लागला. चढ होता. जरा वेळाने संजूने मागून हात लावला.

पूर्वी पुढारी सभेत भांडायचे आणि मयताला खांदा द्यायला एकत्र यायचे. तेही असाच धूर बघून थांबत असतील का? टेपमध्ये बोलणाऱ्याला मडकं दिसत नाही, म्हणून त्याची जीभ सुटते का? मला कळत नाही.

कोपऱ्यापलीकडे टेप पुन्हा लागली. शिव्या त्याच होत्या, आवाज मात्र त्याने अगदी बारीक ठेवला होता.